फितीचं उजवं टोक

“फीतले हाडं नही ऱ्हातस, बेटा. ती वारामा धरेल शे आसं समज, आन् मंग हात फिरव.”

भिंती रंगवणाऱ्या हिलाल नानांनी मला हे सांगितलं तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या थोरल्या बहिणीचं, रत्नाताईचं लग्न ठरलं होतं. पारोळ्याच्या आमच्या घराची रस्त्याकडची भिंत चुन्यानं पांढरी करून ठेवली होती आणि नाना शिडीवर चढून तिच्यावर नवरा-नवरीची नावं लिहीत होते. मी खाली उभी राहून मान दुखेस्तोवर वर बघत होते. नावं झाली तशी त्यांनी भोवती लाल फीत ओढली. ब्रश इकडून तिकडे गेला, आणि वैशाखातल्या त्या कोरड्या भिंतीवर कुठून तरी वारा सुटला.

आमच्याकडे ही भिंत लगेच पुसत नाहीत. लेक पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, दारात थांबून आपलं नाव बघते, मगच तिच्यावर चुना चढतो. पारोळ्याच्या आसपास चाळीसेक गावं असतील, नानांच्या फितीखाली लेक सासरी गेली नाही असं एकही गाव नसेल.

मी आता तेच काम करते. फरक इतकाच की भिंत नाही आणि नवरीही नाही. धुळ्याला देवपुरात भूषण सरांचा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही चौघं जण नसलेल्या देशांचे नकाशे काढतो, कादंबऱ्यांसाठी आणि मोबाइलवरच्या खेळांसाठी. एक जण डोंगर काढतो, एक जण नद्या आणि किनारे, एक जण किल्ले. नकाशाच्या माथ्यावर त्या देशाचं नाव ज्या फितीवर लिहितात, ती फीत माझी. राजधानीची फीत ताठ आणि दोन्ही टोकांना झुलती. शापित रानाची कुरतडलेली, शेवाळ लागलेली. बुडालेल्या बेटाची फीत ओली दिसायला हवी होती. त्या एका फितीवर मी अकरा दिवस बसले.

पुण्याच्या एका प्रकाशकाची पाच भागांची कादंबरी होती. तिच्यासाठी मी छत्तीस फिती काढल्या, त्याला आठ महिने लागले. पहिला भाग छापून आला. गठ्ठा मीच सोडला, पहिली प्रत मीच उघडली. आतल्या पानावर होतं: “नकाशे व शीर्षकफिती: भूषण पाटील.”

मी ते तीनदा वाचलं. मग पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

“सर, फितींखाली तुमचं नाव आलंय.”

“हो, बघितलं. छान छापलंय ना?”

“फिती मी काढल्यात.”

“दिपमाला, हे टीमचं काम असतं.”

“टीममध्ये चौघं आहेत सर. नाव एकाचंच आलंय.”

“अगं, स्टुडिओ माझा म्हणून नाव माझं. मिठाईवर हलवायाचं नाव असतं, आचाऱ्याचं असतं का?”

“आचाऱ्याला निदान कुणी ‘टीम’ म्हणत नाही,” मी म्हटलं.

डोंगरवाला चंदन खुदकन हसला आणि लगेच संगणकाच्या पडद्यात तोंड घालून बसला. सर म्हणाले, “पुढच्या भागात बघू.” पुढच्या भागात त्यांनी काहीच बघितलं नाही. तिसऱ्यात मी विचारलं नाही, पण रोज सकाळी संगणक सुरू करताना ती ओळ डोळ्यांत कुसळासारखी खुपायची. प्रत्येक फीत माझ्या हातची, आणि पानावर माझ्या नावाचा ठिपकाही नाही. मी जेवताना चिडायचे, स्कूटी चालवताना चिडायचे. आई म्हणायची, “तुना कपाय कायम आठी घालेल ऱ्हास.” तुझ्या कपाळावर कायमची आठी असते, म्हणून. मी तिला कारण कधी सांगितलं नाही.

कारण सांगितलं असतं तर दुसरी गोष्टही सांगावी लागली असती.

दोन वर्षांपूर्वी, मी हे काम शिकत होते तेव्हा, लग्नांच्या भिंतींवर चुना चढायच्या आत मी गावोगाव फिरून नानांच्या फितींचे फोटो काढले होते. तेव्हा मनात फक्त माया होती. फ्लेक्स आल्यापासून नानांना कुणी बोलवेना, म्हटलं राहिलेल्या तरी जपून ठेवू. मग कादंबरीचं काम आलं. भूषण सर म्हणाले, “परदेशी नकाशांत असतात तशा फिती नकोत, काहीतरी वेगळं दे.” पहिल्या दिवशी मी नानांच्या एका फितीचा फोटो पडद्यावर खाली ठेवला आणि त्याच्यावर माझी रेघ ओढली. पहिलीच फीत आहे, म्हटलं, हात बसला की सोडून देऊ. छत्तिसाव्या फितीखालीही नानांची भिंत होती. शेवाळ माझं, ओल माझी, फाटलेल्या कडा माझ्या. वळण नानांचं.

नानांना मी विचारलं नव्हतं. पारोळ्यात ते आमच्याच गल्लीत राहतात, चार घरं सोडून.

मे महिन्यातल्या एका रविवारी तेच आमच्या दारात उभे राहिले, बगलेत ते पुस्तक घेऊन. त्यांची सून ज्योत्स्नावहिनी एरंडोलला शाळेत शिकवते, तिनं शाळेच्या वाचनालयासाठी आणलेलं. नानांनी चपलाही काढल्या नाहीत. पुस्तक ओसरीवर आपटलं, नकाशाचं पान उघडलं आणि राजधानीच्या फितीवर बोट ठेवलं.

“दिपू, हाई काय शे?”

“नकाशा शे, नाना.”

“नकाशा शे ते माले दिसस. हाई फीत कोनी शे?”

नानांनीच छातीवर हात ठेवून उत्तर दिलं.

“मनी शे. हाई बी मनी, ती बी मनी. हाई देख, तामसवाडीले धनसिंगनी पोरनं लगीन व्हतं, तठली शे. आन् आठे नाव लिखेल शे भूषण पाटील. कोन शे हाऊ भूषण पाटील? मना भितडा पुसाई ग्यात, काम बंद पडनं, मी काही बोलनू नही. फ्लेक्सवर नवरीपेक्षा आमदारना फोटो मोठा ऱ्हास, मी काही बोलनू नही. पन मना हात कोनी लई जाई, ते मी बोलसू.”

आई पाणी घेऊन आली. नानांनी तांब्याला हात लावला नाही.

“तू धुळाले कॉम्पुटरना कामले जास ना? मंग तुले ठाऊक व्हई. माले त्या मानूसकडे लई चाल.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओसरीवर आम्ही तिघंच होतो. पण माझ्या मनात इतक्या महिन्यांचा साठलेला राग होता, आणि त्या रागानं मला हळूच सुचवलं: नाव त्याला हवं होतं ना? मग नावासोबत हेही त्यालाच घेऊ दे. मी म्हटलं, “उद्या सकायनी गाडीवर चला, नाना.”

सकाळच्या एसटीत नाना खिडकीशी बसले. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी, मांडीवर पिशवीत पुस्तक. ते वाटभर बोलत होते. कुठल्या गावात कुणी हळदीच्या दिवशी पाऊस आला म्हणून ओल्या भिंतीवर लिहायला लावलं, कुठे नवऱ्याचं नाव इतकं लांब की फीत खिडकीवरून वळवावी लागली. मी हसत होते, आणि हसताना त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघणं टाळत होते. मुकटीच्या थांब्यावर त्यांनी मला स्वतःच्या हातानं काकडी सोलून दिली.

स्टुडिओत शिरल्यावर त्यांनी आधी दाराच्या चौकटीवरचा बोर्ड वाचला, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. माझ्या रिकाम्या खुर्चीवर माझी ओढणी लटकत होती.

“तू आठेच कामले शे का?” त्यांनी विचारलं.

“हो नाना.”

“मंग काल काब्र बोलनी नही?”

काल का बोलले नाही, याचं उत्तर मी द्यायच्या आत भूषण सर बाहेर आले. म्हातारा माणूस बघून हात जोडले, खुर्ची ओढली, चहा सांगितला. माणूस तसा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. नानांनी चहा नको म्हणून मान हलवली आणि पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. शहरातल्या माणसाशी बोलायचं म्हणून त्यांनी भाषा बदलली.

“ह्या फिती कोणी काढल्या, साहेब?”

“आमच्याच आहेत बाबा. म्हणजे माझ्याच. नाव आहे बघा खाली.”

“नाव वाचलं मी. पेंटर आहे, अक्षर ओळखतो. मी हात विचारतो. हात कोणाचा?”

“हात…” सर हसले. “आता हातानं कोण काढतं? पेन असतं, पडदा असतो.”

“बरं. मग एवढं सांगा.” नानांनी बोट राजधानीच्या फितीच्या डाव्या टोकावर ठेवलं. “हे टोक दुमडून मागं गेलं. बरोबर?”

“बरोबर.”

बोट उजवीकडे सरकलं. “हे टोकही दुमडून मागंच जायला पाहिजे. मग वर कसं आलं? कापड असं वळत नाही. घरी जाऊन पंचा घ्या, वळवून बघा. वळणार नाही.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. खरंच तसं होतं. चंदननं मला पूर्वी एकदा म्हटलं होतं, तुझ्या उजव्या घड्या चुकतात म्हणून. मी म्हटलं होतं, असू दे, छान दिसतंय. का छान दिसतं, ते मलाही माहीत नव्हतं.

“ती स्टाइल आहे बाबा,” सर म्हणाले. “कल्पित देशांच्या नकाशात चालतं असं. तिथे सगळंच थोडं जादूचं असतं.”

“जादू नाही.” नानांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “डावीकडं नवऱ्याचं नाव असतं, उजवीकडं पोरीचं. मी पहिली भिंत लिहिली ती माझ्या बहिणीच्या लग्नाची, भागाबाईच्या. फीत काढली, दोन्ही टोकं मागं दुमडली. माझी आई बघायला आली. म्हणाली, पोरगी चाललीच आहे आपल्यातून, तिच्याकडचं टोक तरी मागं दडवू नको. म्हणून मी ते वर आणलं. कापड वळो न वळो. तेव्हापासून पन्नास वर्षं माझ्या प्रत्येक भिंतीवर पोरीचं टोक वर आहे. दुसरा पेंटर काढत नाही, कारण त्याला ती चूक वाटते.” त्यांनी पानं उलटली. शापित रान, बुडालेलं बेट, राक्षसांची खिंड. “ह्या तुमच्या देशात कोणाची पोरगी सासरी चालली, साहेब? इथं हे टोक वर कशाला?”

पंख्याखाली पान आपोआप फडफडत होतं.

भूषण सरांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. इतके महिने मला जे हवं होतं, ते आता त्यांच्या ओठांवर येऊन बसलं होतं.

“बाबा, खरं सांगायचं तर,” ते म्हणाले, “माझं नाव फक्त स्टुडिओचा मालक म्हणून आहे. प्रत्यक्ष फितींचं सगळं काम… त्याचं श्रेय खरं तर दिपमालाचं आहे. मी कधीपासून म्हणतोय तिला, पुढच्या आवृत्तीत तुझं नाव टाकू.”

माझं नाव असं उच्चारलं गेलं. त्या माणसाचा मला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. मिठाई गोड होती तोवर हलवाई, आणि विटली की आचारी. मी तोंड उघडलंही होतं त्यांना हे सुनावायला.

पण नाना उठून उभे राहिले होते. ते परत आपल्या बोलीवर आले होते.

“तिले मधी नको आनू, भाऊ. तिनं नाव लेवानं नही. ती मना गल्लीनी पोर शे. तिनी बहीननी भिंत मी लिखेल शे, ती खाले उभी राहीसन देखे. तिले फीत पाहिजे व्हती ते ती मनाकडे येती, मी तिले हात धरीसन शिकाडतू. ती आशी चोरी करावनी नही. तू तुना पाप पोरना डोकावर नको ठेऊ.”

सरांना आता काहीही म्हणायची गरज नव्हती. ते फक्त थांबले, माझ्याकडे बघत. चंदनही बघत होता. माझा सगळा राग, इतक्या महिन्यांचा, जपून जपून धारदार केलेला, माझ्या हातात होता, आणि त्याची धार माझ्याकडेच होती. नानांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“चाल दिपू. आशा ठिकाने तू कामले बी नको ऱ्हाऊ.”

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला, आणि धरून ठेवला. डोळे वर करवेनात, म्हणून त्या हाताकडे बघतच बोलले.

“नाना, सर खोटं बोलतस, पन हाई खरं सांगतस. फिती मीच काढ्यात. बठ्ठ्या, छत्तीसच्या छत्तीस. तुमना भितडासना फोटो काढात, खाले ठेवात, आन् वरतून रेघ वढी. माले यी नही राहिंती, म्हनीसन. माले तुमनाकडे येता येतं, चार घर सोडीसन. मी ऊनू नही. तुमले इचारं नही.”