बाहेरची कडी

"घरातल्या माणसाला बाहेरून कडी लावून ठेवत असाल, तर ती कडी आजच काढा," ललिताताई मोबाइलवरून सांगत होत्या. यशश्रीने आवाज बारीक केला. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठीचा हा ऑनलाइन वर्ग ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. वाद घालू नये, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, हे सारं तिला पटायचं. कडीचं मात्र तिने मनावर घेतलं नाही. ताईंच्या घरी कुठे यजमान येतात?

पंचवटीतल्या या घरी श्राद्धाला गावोगावचे यजमान येत. सासरे वेणीमाधव विधी सांगत आणि सासूबाई अनसूयाबाई सोवळ्यात स्वयंपाक करत. अलीकडे मात्र त्या आमटीत मीठ दोनदा घालत, पाहुण्यांना भरल्या पानावरून उठवत, "माझं घर कुठंय हो?" म्हणून कुणालाही विचारत. म्हणून यजमान आले की अनसूयाबाईंना मागच्या सोवळ्याच्या खोलीत बसवायचं आणि कडी घालायची, असं ठरूनच गेलं होतं. तिकडे परकं माणूस फिरकत नसे. तूप, कापूर, वाती, काडेपेटी, सगळं तिथेच असे.

"अप्पा, आज आईंना बाहेर बसू दे ना. मी असते जवळ," त्या सकाळी यशश्री म्हणाली.

"आणि तिने पिंड उचलून तोंडात घातला म्हणजे?" वेणीमाधव म्हणाले. "गुरुजींच्याच घरात वेड शिरलंय, असं त्यांच्या नांदगावभर होईल. पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान आहेत ते."

शौनक हसला. "तिचा कोर्स चाललाय अप्पा. सासू सांभाळायचं सर्टिफिकेट मिळणारे तिला."

"सर्टिफिकेट तू घे. आई तुझी आहे," यशश्री नवऱ्याला म्हणाली, पण पुढे तिने काही ताणलं नाही. शौनकने जाऊन कडी घातली. नेहमीसारखंच, आत न बघता.

विधी सुरू झाला. आधी सारं शांत होतं. मग आतून दारावर थापा बसू लागल्या. यजमान धोंडीराम मान वळवायला लागले, तसा वेणीमाधवांनी मंत्रांचा आवाज चढवला. यशश्री उठली, तर शौनकने डोळ्यांनीच बस म्हटलं. कापराचा वास दाटला होता. त्या घरात तो कधी नसे?

थापा थांबल्या. तिला हायसं वाटलं.

ती पानं मांडायला लागली, तेवढ्यात शेजारच्या भागीबाई दारात आल्या. आपल्या लेकीला, इराला, तिने सकाळीच त्यांच्याकडे खेळायला पाठवलं होतं.

"इराचा शिरा राहिला ग," त्या म्हणाल्या. "आजीपाशी वाती वळते म्हणून यजमान यायच्या आधीच पळाली."

यशश्री पानं तशीच टाकून मागे धावली.

तिने कडी काढली तसा धूर अंगावर आला. निरांजन कलंडलं होतं, वातींची टोपली पेटली होती. कोपऱ्यात अनसूयाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. दोरीवरचं ओलं लुगडं इराभोवती गुंडाळून त्यांनी तिला पोटाशी धरलं होतं, आणि त्यांची पाठ जळत होती.

"कुणाची पोर हो ही?" त्या विचारत होत्या. "हिच्या आईला हाक मारा. मला दार सापडत नाही."

इराला चटकाही बसला नाही. अनसूयाबाई दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

"निरांजन कलंडलं," वेणीमाधव भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ते खोटं नव्हतं. लोक माना हलवत. "सुटल्या बिचाऱ्या."

धोंडीरामही आले. "वास आला व्हता आमाला बी," ते चाचरत म्हणाले. "वाटलं, पूजेचाच हाय."

यशश्री पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तिने खाली ठेवला.

"काका, आईंना आम्ही कोंडलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला दिसू नयेत म्हणून. कडी बाहेरून होती."

"यशश्री, आत जा," वेणीमाधव म्हणाले.

ती गेली नाही. शौनक उठला आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

त्या आठवड्याच्या वर्गात यशश्रीने पहिल्यांदाच कॅमेरा सुरू केला आणि सगळं सांगितलं. शेवटी तिने जे मागितलं, ते तुमच्याकडेही मागणं आहे. तुमच्या गल्लीतली एखादी आजी, एखादे काका हल्ली दिसत नसतील. "बऱ्या आहेत, पडल्यात जरा," एवढं ऐकून उंबऱ्यावरून परत फिरू नका. आत जा, त्यांच्याशी बोला. आणि निघताना, त्यांच्या दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, तेवढं बघून या.