पळपुट्याची जागा

आमच्या घरात कॅप्टन एकच, आणि तो मी नाही. माझी बायको कॅप्टन आहे. मी को-पायलट. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि को-पायलट उजवीकडे, एवढं कळलं की आमच्या संसारातलं निम्मं राजकारण कळलं. ती छोट्या कंपनीची छोटी विमानं चालवते, मी मोठ्या कंपनीची मोठी. माझ्या मागे दोनशे माणसं बसतात, तिच्या मागे सत्तर. पण तिची खुर्ची डावी आणि माझी, चौदा वर्षं झाली तरी, उजवी. मोठ्या कंपनीत सगळं नंबरावर चालतं. तुम्ही ज्या तारखेला रुजू झालात त्या तारखेने यादीत नंबर लागतो, आणि मग बढती, सुट्टी, राहायचं कुठल्या शहरात, हे सगळं तो नंबर ठरवतो. वरचे निवृत्त झाले की आपण एक पायरी चढायची. आमचे वरचे तब्येतीने अगदी ठणठणीत होते.

मुलीने लहानपणी निबंधात लिहिलं होतं, 'माझी आई विमान चालवते. बाबापण तसेच कपडे घालतात.' बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता. बायकोने तो कागद फ्रिजवर चिकटवला, तो आजही तिथेच आहे.

घराबाहेर पडताना आम्ही कॉकपिटसारखी यादी म्हणतो. को-पायलटने विचारायचं, कॅप्टनने उत्तर द्यायचं. "गॅस?" "बंद." "खिडक्या?" "लावल्या." "किल्ली?" "हातात." एकदा सगळी यादी चोख पार पडली, आम्ही अर्ध्या रस्त्यात पोचलो आणि लक्षात आलं की मुलगी घरातच राहिली. ती यादीत नव्हती. तेव्हापासून किल्लीच्या आधी "मुलगी?" असं विचारायचं ठरलं. आता ती चौदा वर्षांची आहे आणि या प्रश्नाला "हो, दुर्दैवाने" असं स्वतःच उत्तर देते.

माझी एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक पार्टीत सांगतो. ज्या वर्षी मी मोठ्या कंपनीत लागलो, त्या वर्षी आम्ही दोघांनीही अर्ज केला होता. तिचं जमलं नाही. माझं नाव वेटिंग लिस्टवर पहिलं लागलं. पहिलं म्हणजे दारापर्यंत नेऊन तोंडावर दार लावलं, असं. महिनाभर मी पडलेल्या चेहऱ्याने घरात फिरत होतो. मग एका सकाळी पत्र आलं, एक जागा रिकामी झाली आहे, सोमवारी हजर व्हा. निवड झालेल्यांपैकी कुणीतरी ऐनवेळी कच खाल्ली होती! इथे मी ग्लास उंच धरून म्हणतो, "देव त्या पळपुट्याचं भलं करो!" सगळे हसतात, आणि बायको दरवेळी न चुकता म्हणते, "करतोय हो, करतोय." मला वाटायचं, ती माझ्या विनोदाला साथ देते.

तर, गेल्या वर्षी भानगड सुरू झाली. जवळच्या शहरांची उड्डाणं आमची कंपनी स्वतः करत नसे, ती छोट्या कंपनीला कंत्राटाने दिलेली होती. विमानावरचा रंग आमचा, तिकीट आमचं, चॉकलेटच्या वेष्टनावरचं नावसुद्धा आमचं, फक्त चालवणारी माणसं त्यांची, आणि स्वस्तातली. प्रवाशाला त्याचा पत्ताही नसे. मग एका सोमवारी जाहीर झालं की आमची कंपनी छोटी कंपनी विकतच घेणार. म्हणजे दोन याद्यांची एक यादी होणार. ती कशी लावायची, ते दोन्हीकडच्या वैमानिकांनी मतदानाने ठरवायचं होतं.

दोन मार्ग होते. एक, सगळ्यांना आपापल्या रुजू होण्याच्या तारखेने मिसळायचं. तसं केलं तर त्यांचे दीडेकशे जुने लोक माझ्या वर येऊन बसणार, आणि सहा महिन्यांवर आलेली माझी डावी खुर्ची चार वर्षं लांब जाणार; बायकोची छोट्या विमानातली डावी खुर्ची मात्र शाबूत राहणार. दुसरा, त्यांची सगळी यादी आमच्या यादीच्या शेवटी जोडायची. तसं केलं तर माझी खुर्ची सहा महिन्यांत पक्की, आणि माझ्या बायकोला डावीकडून उठून उजवीकडे बसावं लागणार, तेही कंपनी पाठवेल त्या शहरात. थोडक्यात, घरात दोन डाव्या खुर्च्या मावणार नव्हत्या.

मी शेवटी जोडण्याच्या बाजूचा. नुसता बाजूचा नव्हे, त्या बाजूचा मुख्य वक्ता. आमच्या विश्रांतीच्या खोलीत कॉफीच्या यंत्राशेजारी उभं राहून मी रोज एक भाषण ठोकत असे. आमच्या युनियनचे अध्यक्ष म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ कॅप्टन, त्यांना आम्ही आजोबा म्हणतो. ते खुर्चीत डोळे मिटून ऐकत.

"आम्ही परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, मुख्य दाराने आत आलो," मी म्हणे. "हे कंत्राटवाले बाजूच्या दाराने येणार आणि आमच्या डोक्यावर बसणार? का म्हणून?"

"बरोबर आहे," कुणीतरी म्हणे.

"बरोबर काय?" दुसरा कुणी उसळे. "तीच हवा, तोच पाऊस, तोच रनवे. त्यांचं विमान काय दोरीला बांधून उडवतात?"

"आजोबा, तुम्ही बोला," मी म्हणे.

"मी पुढच्या वर्षी घरी बसणार आहे," आजोबा डोळे न उघडता म्हणत. "मला फक्त एवढंच बघायचंय, हा गडी हे भाषण घरी करतो का."

घरी मी करत होतो. म्हणजे सुरुवात करत होतो.

"मुख्य दार," बायको कांदा चिरत म्हणाली. "बरं. मग पुढे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे. तुझ्यावर नाही बोलत मी."

"नाही ना? मग माझा नंबर शेवटी जाणार नाही का?"

"तुझा जाईल, पण..."

"पण तत्त्वाने जाईल." तिने कांदा पातेल्यात लोटला. "हे बघ, तुम्ही आम्हाला शेवटी जोडा. पुढच्या वर्षी कंपनी तिसऱ्याच कुणाला कंत्राट देईल, आणि तुमची उड्डाणं तिकडे वळवेल. तेव्हा तुम्ही बाजूच्या दाराबाहेर उभे राहाल. स्वस्तात माणसं मिळतात तोवर कंपनीला कुठल्याही दाराचं काही पडलेलं नाही."

"बाबा, तुझी बोलती बंद झाली," मुलगी म्हणाली.

"मी विचार करतोय."

"तसंच दिसतं ते."

बायको हसली, पण ताट वाढताना तिचा हात जरा थांबला. "मला दुसऱ्या शहरात पाठवलं तर हिच्याकडे कोण बघणार, एवढा विचार कर," ती हळूच म्हणाली. मी भात कालवायला लागलो. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मी शोधलंही नव्हतं. ती कॅप्टन झाल्यापासून आठ वर्षं मी रोज स्वतःला सांगत आलो होतो की बायको कॅप्टन असण्याचं मला काही वाटत नाही. मला वाटत होतं. चांगलंच वाटत होतं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ती दुसऱ्या गावी विमानात प्रवासी चढण्याची वाट बघत होती.

"छोट्या कंपनीच्या सगळ्यांची रुजू झाल्याची पत्रं आज पाचपर्यंत मागितलीत. कपाटात माझी निळी फाइल आहे. त्यातलं पत्र काढून तुमच्या युनियनच्या ऑफिसात देऊन येशील?"

"म्हणजे माझ्याच विरोधातला कागद मी नेऊन द्यायचा?"

"हो. आणि हरवू नकोस."

मी पलंगावर फाइल उघडली. बायको कॉकपिटमध्ये कितीही शिस्तीची असली तरी तिच्या फायलीत लग्नाच्या हॉलची पावतीसुद्धा होती. रुजू झाल्याचं पत्र सापडलं. त्याच्या मागे टाचणीने अडकवलेलं दुसरं एक पत्र होतं. त्यावर आमच्या कंपनीचा, मोठ्या कंपनीचा शिक्का होता. मला वाटलं, नकाराचं असेल, कशाला वाचा. तरी वाचलं.

'आपली निवड यादीत अकराव्या क्रमांकावर झाली होती. प्रकृतीच्या कारणामुळे प्रशिक्षणास येता येणार नाही, असे आपण कळवले आहे. जागा पुढील तुकडीसाठी राखून ठेवता येत नसल्याने ती वेटिंग लिस्टवरील पहिल्या उमेदवारास देण्यात येत आहे.'

खाली तारीख होती. माझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. प्रकृतीचं कारण बाहेरच्या खोलीत गणित सोडवत बसलं होतं.

चौदा वर्षांतल्या सगळ्या पार्ट्या एकामागून एक आठवायला लागल्या. मी ग्लास उंच करतोय, सगळे हसताहेत, आणि ती प्रत्येकाला वाढता वाढता म्हणतेय, करतोय हो, करतोय. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"बाबा, पाच वाजायला आले," मुलगी दारात येऊन म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. तू जन्मायच्या आधीच नोकरी लावून दिलीस मला."

"पगार अर्धा माझा मग," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी पत्र देऊन आलो. संध्याकाळी बायको आली, बूट काढले, बॅग भिंतीला टेकवली. मी ते दुसरं पत्र टेबलावर ठेवलं होतं. तिने बघितलं आणि खुर्ची ओढून बसली.

"मीच पाठवलं तुला फायलीपाशी," ती म्हणाली. "हे आत आहे, ते साफ विसरले होते."

"सांगितलं का नाहीस?"

"मला पाचवा महिना होता. डॉक्टर उडायची परवानगी देणार नव्हते. मी जाणारच नव्हते, म्हणजे जागा रिकामी होणारच होती. ती घरातच राहिली, एवढंच झालं."

"पण सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

मी पत्राची घडी घातली.

"महिनाभर तुझं ते तोंड मी बघत होते. आणि मग पत्र आल्यावर तू सगळ्या घरात नाचलास. पोट सांभाळत मीपण नाचले. त्यानंतर कशी सांगणार?" तिने पायाने बूट बाजूला सारले. "वाईट वाटलं नाही असं नाही. चार वर्षं मोठ्या कंपनीने भरतीच केली नाही. तुझा गणवेश इस्त्री करताना एकदोनदा रडलेय. मग आमच्या कंपनीत लागले आणि बरं वाटलं. पण तू ती पळपुट्याची गोष्ट इतकी छान रंगवायचास की मला मजा यायला लागली. एकदा तर तू त्याला मिशासुद्धा लावल्या होत्यास."

"उद्या मी काय बोलू?"

"तुझं मत तू बघ. मी ते उपकार म्हणून केलं नव्हतं, त्यामुळे त्याची परतफेडही नकोय." ती उठली. "भाषण मात्र छोटं कर. मागच्या वेळी आजोबा घोरत होते."

सभा एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरली होती. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते, मध्ये पाण्याच्या बाटल्यांचं टेबल. बायको त्यांच्या बाजूला अगदी शेवटच्या रांगेत बसली होती. आजोबांनी माझं नाव पुकारलं, आमच्या बाजूने टाळ्या वाजल्या.

मी माइक धरला.

"माझी ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे," मी म्हणालो.

"पळपुट्याची!" आमच्यातल्या दोघातिघांनी ओरडून सांगितलं.

"तीच. काल मला तो पळपुटा सापडला. तो पळाला नव्हता. त्याची परीक्षेतली जागा अकरावी, मी त्याच्या खाली. मी ज्या मुख्य दाराच्या बढाया मारतो, ते त्याने माझ्यासाठी उघडं ठेवलं. नंतर त्याला बाजूच्या दाराने यावं लागलं, आणि गेली आठ वर्षं तो कॅप्टन आहे. आता मी त्याला म्हणतोय, तू सगळ्यांच्या मागे उभा राहा. मला ते जमणार नाही. यादी तारखेने लागावी. माझी चार वर्षं जातील. जाऊ देत."

हॉलमध्ये कुजबुज झाली. आजोबांनी डोळे उघडले.

"हे युनियनचं कामकाज आहे," ते म्हणाले. "नोंद करावी लागेल. तो इसम सभेला आहे का?"

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझी बायको उभी राहिली आणि तिने शाळेत म्हणतात तसं म्हटलं, "हजर."

आधी त्यांची बाजू हसायला लागली, आणि मग आमची. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मतदान पुकारलं.

यादी तारखेने लागली, एकोणीस मतांनी. माझ्या भाषणामुळे असं मी म्हणणार नाही. उद्या तिसऱ्याला कंत्राट जाईल ही भीती पुष्कळांच्या मनात आधीपासून होती. चार सहकारी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

बाहेर आल्यावर बायकोने पर्समधून गाडीची किल्ली काढली. एरवी गाडी तीच चालवते. तिने ती माझ्याकडे फेकली.

"आज घरापर्यंत तू कॅप्टन."

"फक्त घरापर्यंत?"

"पुढचं चार वर्षांनी बघू."

मी चालकाच्या जागी बसलो. ती शेजारी बसली, पट्टा लावला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा को-पायलटसारखी यादी विचारायला लागली.

"हँडब्रेक?"

"काढला."

"आरसे?"

"बघितले."

"दारं?"

"बंद."

ती माझ्याकडे वळली. "पळपुटा?"

नियम म्हणजे नियम, कॅप्टनने उत्तर द्यायचं असतं.

"शेजारी," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केली.