२०३४० नंबरची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. हसू नका, मित्रांनो! बोटाएवढी लांब, नखाएवढी पातळ, पत्र्याची. अंगावर एक लांबडा नंबर, त्याचे शेवटचे पाच आकडे वीस हजार तीनशे चाळीस. पण मी आहे म्हणून गाडीला नाव आहे. मला काढलं तर राहतो नुसता पत्रा आणि चार टायर.

१९६९ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यात मला एका पिवळ्याधमक गाडीच्या पुढच्या काचेखाली ठोकलं. फुलासारखे दिसणारे दोन रिबीट, कायमचे. आणि काय गाडी होती! दोन दरवाजे, आठ सिलिंडर, नाक हे एवढं लांब. बोटीनं ती कतारला आली आणि मदिनत अश शमाल गावच्या एका तरुण मालकानं घेतली. तो रिकाम्या रस्त्यावर पेडल दाबायचा तेव्हा माझे दोन्ही रिबीट थरथरायचे. आधी आवाज पोचायचा, मग गाडी! बकऱ्या चौफेर उधळायच्या. माझ्यासारखी मजा कुठल्या पट्टीनं केली नसेल.

मग मालकाचा शौक संपला. गाडी समुद्राकाठी उभी राहिली ती वीस वर्षं. खाऱ्या वाऱ्यानं तिचा तळ खाल्ला, दरवाजांच्या कडा खाल्ल्या. ज्या बकऱ्या पळायच्या, त्यांचीच नातवंडं टपावर चढून बसायला लागली. मला काय राग यायचा! पण पट्टी ओरडणार कशी?

२००२ साली अब्बासशेट आला. मूळचा महाडचा, दोह्याच्या सनैयात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, त्याचं गॅरेज. तो गाडीला ट्रकवर घालून घेऊन गेला. तिथं मला जहूरभाई भेटले. राजापूरकडचे, वीस वर्षं दोह्यात, नजमा भागातल्या एका खोलीत सात जणांबरोबर राहायचे. काम डेंटरचं, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचं. अख्खी सनैया म्हणायची, जहूरचा हात फिरला की पत्रा विसरतो त्याला काय झालं होतं ते.

त्यांची एक सवय होती. गाडी आली की तिच्या नंबरचे शेवटचे आकडे खडूनं खांबावर लिहायचे, म्हणजे सुटे भाग एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांची शाळा मराठी, म्हणून आकडेही मराठी. माझ्यासाठी लिहिलं, २०३४०. एवढं ठसठशीत, की मी खूश!

गाडीखालून बाहेर येत ते म्हणाले, "शेट, मना सहा महिने द्या. तळ कापून नवा घालतो, पन बॉडी हीच ठेवतो."

"सहा महिने? अरे, कॉर्निशवरचा जुन्या गाड्यांचा शो दहा दिवसांवर आलाय! तिकडं कंटेनर बघ."

कंटेनरमधे हुबेहूब तशीच एक बॉडी होती. गंज नाही, पण सहा सिलिंडरची साधी गाडी. तिला पिवळा रंग द्यायचा, आपलं इंजिन घालायचं, मला तिच्यावर ठोकायचं. आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, हीच ती शमालची ओरिजिनल!

"मग जुनीचा काय?" जहूरभाईंनी विचारलं.

"गुरुवारी भंगारवाला येतोय. खलास."

"शेट, ही चोरी हाय."

"चोरी कसली? गाडी माझी, पट्टी माझी. तुझा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, ते आठव आणि कामाला लाग!"

जहूरभाईंनी छिन्नी उचलली. मला उचकटलं. त्या दुसऱ्या गाडीलाही पट्टी होती, मित्रांनो. अब्बासशेटनं ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही! माझी रवानगी शेटच्या खिशात झाली.

नंबर आणखी एका ठिकाणी असतो, इंजिनशेजारच्या पत्र्यावर कोरलेला. नव्या बॉडीवरचा घासून काढून तिथं माझा कोरायचा होता. इथं मात्र जहूरभाई अडले.

"पत्रा ठोकीन. खोटा नंबर मारनार नाय. मना हाकला."

"नको मारू! रॉमेल मारेल."

रॉमेल फिलिपिन्सचा फिटर. हात सोन्याचा, पण मराठी त्याच्या बापानं बघितलेली नाही. मी खिशात, आणि शेट नजमा भागात चहा पीत बसलेला. तिथूनच मोबाईलवर ओरडला, "यल्ला रॉमेल, जल्दी! नंबर खांबावर है, देख के मारो!"

रॉमेलनं बघितलं आणि मारलं. खटाक, खटाक!

बुधवारी गाडी तयार झाली. नवेकोरे फुलाचे रिबीट लावून मला बसवलं. इंजिन सुरू झालं आणि गॅरेजचे पत्रे वाजायला लागले! खरं सांगते, मी क्षणभर सगळं विसरून गेले. मग मागच्या अंगणात माझी जुनी गाडी दिसली, काचेशिवाय, उद्याच्या ट्रकची वाट बघत. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

त्याच दुपारी मालविका आल्या. नाशिकच्या, गॅस प्लांटात वेल्डिंग तपासायची नोकरी. जुन्या गाड्यांचं असं वेड, की चपला काढून आत बसल्या! बाहेर आल्या आणि बॅटरी घेऊन इंजिनशेजारी वाकल्या. माझा प्रत्येक आकडा टाइट झाला.

"अब्बासशेट, काचेखाली वीस हजार तीनशे चाळीस. इथं 20380 कसं?"

"फॅक्टरी मिस्टेक, मॅडम. अमेरिकन लोक, काय सांगायचं!"

त्या सरळ उभ्या राहिल्या. कपाळाचा घाम पुसताना नजर खांबावर गेली. २०३४०. एकदा खांबाकडं बघितलं, एकदा पत्र्याकडं. आणि खो खो हसत सुटल्या.

"शेट, अमेरिकेतल्या फॅक्टरीत खांबावरचं मराठी वाचायला लागले का? आपला चार बघा, आणि इंग्रजी आठ बघा!"

दोन, शून्य, तीन, सगळे दोन्हीकडं सारखेच दिसतात. दगा दिला तो एकट्या चारानं!

"अक्षर कुणाचं?"

शेटनं जहूरभाईंकडं असं बघितलं, की पासपोर्टचं कपाट त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. जहूरभाईंनी हातातला हातोडा खाली ठेवला.

"माझा हाय, ताई. ही ती गाडी नाय. ती मागं हाय. उद्या तुकडे होतील तिचे."

मालविका अंगणात गेल्या. खाली बसून गंजावर बोट फिरवलं, वेल्ड तपासतात तसं.

"ही उभी राहील, जहूरभाई?"

"सहा महिन्यात. इन्शाल्ला."

"मग मला हीच हवी. आणि शेट, यांचा पासपोर्ट आत्ता इथं टेबलावर. नाहीतर मी पोलिसांना घेऊन येते, आणि आकडे कसे वाचायचे ते त्यांना शिकवते."

शेट तणतणला, कपाळावर हात मारून घेतला, पण कपाट उघडलं. जहूरभाईंना म्हणाला, "हे काम उरक आणि खुरूज! परत तोंड दाखवू नकोस." म्हणजे कायमचं घरी.

जहूरभाईंनी मला काढलं, हलक्या हातानं, आणि माझ्या जुन्या गाडीवर परत बसवलं. रॉमेलनं डबा उपडा करून ती दुसरी पट्टी शोधली आणि तिच्या गाडीवर परत बसवली. हे मी कधीच विसरणार नाही.

सहा महिन्यांनी, तळ नवा आणि इंजिन परत जागेवर, आम्ही कॉर्निशवर निघालो! मालविका चालवायला, जहूरभाई शेजारी, दोन्ही खिडक्या उघड्या, समुद्र बाजूला. आठ सिलिंडर गरजले, लोक वळून बघायला लागले, आणि माझे रिबीट पूर्वीसारखे थरथरले. तिसऱ्या दिवशी जहूरभाई राजापूरला गेले.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली तर डागडुजी करा, ठिगळ लावा, पण लावलेलं ठिगळ सांगा. आणि कुणाचं नाव काढून दुसऱ्याला चिकटवू नका. आम्ही बोलत नाही, पण आम्हाला सगळं कळतं.

कधी ही पिवळी गाडी दिसली तर काचेतून वाकून बघा. माझ्या शेजारी आता एक छोटी पट्टी आहे. जाताना जहूरभाईंनी स्वतः ठोकली, मराठीत: "तळ नवा. बाकी जुनं. जहूर. २०३४०." चार तसाच आहे, मराठी. आठ वाटला, तर परत नीट बघा!