शेजाऱ्याची काच

"दुकान कधी उघडणार हो?" काचेवर टकटक करत एका बाईंनी विचारलं.

"ते अकरा वर्षं बंद आहे," शेजारच्या, कोपऱ्यावरच्या दारातून बटणवाले काका म्हणाले. "उघडं आहे ते हे."

बाई गोंधळल्या. बंद दुकानाची काच लख्ख, आणि काकांच्या काचेवर इतकी धूळ की आतली बटणं दिसेनात. चूक त्यांची नव्हती. या पेठेत आपली काच आपण पुसायची नाही, शेजाऱ्याची पुसायची. या बंद दुकानातला चपलावाला काकांची पुसायचा, काका त्याची. तो वारला, पण काकांनी रीत सोडली नाही. लेक कपाळाला हात लावायची. "बाबा, अर्धी पेठ ओस पडलीय. या महिन्यात शेजारी कोणी आलं नाही, तर आपणही कुलूप लावू." दुकान म्हणजे काकांचा जीव की प्राण.

एक गोष्ट त्यांनी लेकीला कधीच सांगितली नव्हती. त्या बंद दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने पॉलिशचा काळा पंजा उमटलेला होता. शेवटच्या दिवशी चपलावाल्याने तिथे हात टेकून चहाला खुणावलं होतं. बाहेरून पुसून तो जाणार कसा? रोज सकाळी काका फडकं फिरवत. कोवळं ऊन काचेवर उतरलं की मागची सुनी पेठ तिच्यात भरून वाहू लागे, चामड्याचा वास येई, आणि पंजा हलल्यासारखा वाटे. मग चहा एकट्यानेच प्यायचा.

"शिलाई मशीनसाठी जागा बघतेय," बाई म्हणाल्या. "मालकांचा नंबर आहे?"

काकांनी नंबर दिला. पेठेची रीतही सांगितली. पंजाचं ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

पंधरा दिवसांनी सकाळी काका आले, तर शेजारचं दार सताड उघडं होतं. आत मशीन चालू होती. काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ. काकांनी पंजाची जागा शोधली, तिथे आता काहीच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

मग ते आपल्या दुकानाकडे वळले. शिंपल्याची, पितळी, निळी, सगळी बटणं रस्त्यावरून दिसत होती.

"काका, आल्या आल्या तुमची पुसली," आतून आवाज आला. "अशीच ना रीत?"

"अशीच," काका म्हणाले. त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि बाईंच्या काचेवर, जिथे पंजा होता तिथे, सावकाश फिरवलं.