पहिल्या रांगेतला लाल बाक

आमच्या वहिनी बावीस वर्षं गणित शिकवतात. फळ्याकडे तोंड असलं तरी वर्गात कुणाचं काय चाललंय ते आपल्याला कळतं, असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं आहे. मी त्यांची धाकटी नणंद, शिक्षकांसाठी डॅशबोर्ड, म्हणजे अख्ख्या वर्गाची प्रगती एका नजरेत दाखवणारे संगणकाचे पडदे, बनवते. वर्षभर खपून केलेलं माझं काम शाळेने घ्यायचं की नाही, हे मुख्याध्यापिकांनी वहिनींच्या मतावर सोडलं होतं. म्हणजे झालंच माझं कल्याण!

पहिला नमुना त्यांनी चहा निवायच्या आत निकालात काढला.

"हे रंगीबेरंगी तक्ते कशाला? माझी पोरं काय हजेरीच्या क्रमाने बसतात? मला बाक दाखव."

झोंबलं, पण खरं होतं. मी पडद्यावर बाकच मांडले. टॅबवर मुलाचं गणित अडलं की त्याचा बाक लाल. वहिनींनी जाऊन समजावलं आणि पडद्यावर बोट टेकवलं की हिरवा. तोवर लाल बाकावर दिवसांचा आकडा चढत राहायचा.

पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो.

"बघ, हिरवंगार! तुझ्या यंत्राला मी कामच ठेवलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"आणि हा? पहिली रांग, तुमच्या टेबलाला लागून. अकरा दिवस."

"तो बिघडलाय. तिथे आपली चिमणी बसते."

चिमणी म्हणजे त्यांची लेक, माझी भाची.

"बिघडला नाही, वहिनी. अपूर्णांकांचा भागाकार अडलाय तिचा."

"मग घरी विचारायचं ना!"

"शाळेचं शाळेत, हा नियम कुणाचा? आणि शाळेत तुम्ही तिच्याकडे फिरकत नाही, लोक काय म्हणतील म्हणून."

बोलून तर गेले. वर्षभराची मेहनत गेली, असंच वाटलं. वहिनी पर्स उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मागे बसले होते. वहिनी सरळ चिमणीच्या बाकाशी गेल्या. ती दचकून हळूच म्हणाली, "बाई, आधी बाकीच्यांचं बघा ना. माझं राहू दे."

वहिनींनी तिला जरा सरकवून शेजारी बैठक मारली आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "घेऊन टाका. फक्त तो दिवसांचा आकडा मोठा करायला सांगा, मला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे."