हार घातलेली गाडी

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही दहा वर्षांचे आहात, अमेरिकेत बॉथेलला राहता, आणि तुमचे बाबा टपालाने आलेल्या एका पाकिटाला घाबरले आहेत. नेत्राचे बाबा, संग्राम, अगदी असेच घाबरले होते.

एरवी माणूस धीराचा. ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं त्यांचं काम; एकेक ओळ दहा वेळा वाचत. पण हे पत्र आलं आणि त्यांनी लाल अक्षरांतला आकडा तेवढा वाचला, बाकीचे कागद उलटे ठेवून दिले. आधी पार्किंग कंपनीची दोन पत्रं आली होती, आता हे वसुलीवाल्यांचं. भारतीय किराणा दुकानासमोर दोन तास पार्किंग फुकट. यांची गाडी म्हणे आठ तास उभी होती. पंचाऐंशी डॉलर दंडाचे तीनशे दहा झाले होते. तेवढ्यात नेत्राचं चित्रकलेचं समर कॅम्प झालं असतं.

"आठ तास? आपण काय तिथे मुक्कामाला गेलो होतो?" उल्का, नेत्राची आई, म्हणाली. "भांडा की!"

"ग्रीन कार्डची फाइल अडकलीय, आणि मी भांडत बसू? भरून टाकतो. रेकॉर्ड स्वच्छ राहील."

"न केलेली चूक कबूल करून रेकॉर्ड स्वच्छ! वा!"

बाबांनी पैसे भरायला लॅपटॉप उघडला. तोवर नेत्राने उलटे कागद सुलटे केले. त्यात दोन फोटो होते. सकाळी दहाला आत शिरणारी गाडी आणि संध्याकाळी सहाला बाहेर पडणारी.

"बाबा, लुक! यात हार नाहीये. आणि यात आहे!"

बाबा वाकून बघायला लागले. नवी गाडी घेतली तो दिवस. सकाळी त्या दुकानातून नारळ आणि झेंडूचा हार घेऊन ते दहा मिनिटांत निघाले होते. मग देवळात पूजा, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार. संध्याकाळी पेढे घ्यायला पुन्हा तिथेच. मधलं जाणं-येणं कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं.

"हा हार मी काढून टाक म्हणत होतो," बाबा पुटपुटले.

"हो ना, ऑफिसातलं कुणी बघेल म्हणून!" आई म्हणाली. "देवळाची पावतीपण आहे माझ्याकडे. वाहनपूजा, दुपारी साडेबारा."

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की रक्कम मान्य नसेल तर तीस दिवसांत लेखी कळवा. नेत्राने ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांचं बोट अजून 'पे नाऊ'वरच होतं.

"पण त्यांना राग आला तर?"

नेत्राने लाल पेन्सिलीने हाराभोवती ठसठशीत गोल काढला. मग बाबांचं बोट अलगद बाजूला करून तिने लॅपटॉप मिटला, त्यावर कोरा कागद ठेवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"लिही, बाबा," ती म्हणाली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. "मी स्पेलिंग चेक करते."