तांबड्या शिंपलीच्या भोकातली गाठ

मी एक जुनी शिंपली आहे; पण किनाऱ्यावर पायदळी येणाऱ्या शिंपल्यांत माझी गणना करू नका. खोल समुद्रातल्या खडकाला घट्ट धरून मी वाढले. माझ्या पाठीवर काटे होते. ज्या पाणबुड्याने मला वर आणले, त्याच्या तळहातावरचे व्रण अखेरपर्यंत गेले नाहीत.

मित्रांनो, तेव्हा दूरदेशीच्या अरण्यात माया लोकांच्या राजांची नगरे नांदती होती. तिथल्या एका कारागिराने वाळू आणि दगड घेऊन माझे काटे घासून काढले, आतला पांढरा थर खरवडला, आणि माझा तांबडा रंग उजेडात आला. वरच्या अंगाला त्याने दोन भोके पाडली. त्यानंतर मी एका विणकरणीच्या ओंजळीत आले. राजमातेसाठी खांद्यावरून घ्यायचे वस्त्र तिने विणले होते आणि त्याच्या काठाला आम्हा बहिणींना टाचायचे होते.

"गाठ आतल्या बाजूने मार," ती सुनेला म्हणाली. "नाचताना एक जरी गळाली, तरी बाईसाहेब शिंपल्या नाही मोजणार, तुझी बोटं मोजतील."

"मोजू देत," सून निळा धागा ओठांत ओला करत म्हणाली. "तुमच्यापेक्षा माझीच गाठ घट्ट बसते, सासूबाई."

ती खरेच घट्ट बसली. राजमाता चौकात नाचायला उतरली, की प्रत्येक गिरकीला आम्ही एकमेकींवर आपटत असू. तो नाद ऐकून पायऱ्यांवर बसलेली माणसे बोलायची थांबत. आमच्या कडांचे टवके उडाले; पण ते कामाचे टवके होते, मला त्यांची लाज वाटली नाही. पुढे ती गेली, तेव्हा त्याच वस्त्रात तिला निजवले आणि वरून लाल खनिजाची पूड शिंपडली. वस्त्र कुजून मातीला मिळाले. माझ्या एका भोकात मात्र, त्या पुडीच्या आश्रयाने, सुनेची गाठ टिकून राहिली.

पुष्कळ काळाने आम्हाला उकरून काढले गेले. वस्त्र दिसत नव्हते, म्हणून कुणीतरी आमच्या खोक्यावर 'राणीची माळ' असे लिहिले. मग सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत, एका खणात आम्ही धूळ खात पडलो. कुणी विचारपूस केली नाही.

आणि एका सकाळी खण उघडला.

प्रयोगशाळेचे प्रमुख एलिसेओ काउइच बाह्या सरसावून उभे होते. समोर तसराळ्यात आम्लाचे पाणी होते. आम्ही जुनाट दिसतो, प्रदर्शनात लालभडक दिसलो पाहिजे, म्हणून ते एकेका बहिणीला चिमट्यात धरून त्या पाण्यात सोडत होते. आत पडताच प्रत्येकीच्या अंगाला फेस येई. मी हे सारे ताटातून पाहत होते आणि माझ्या पुढे उरलेल्या बहिणी कमी होत होत्या. शेवटी चिमट्याने मला उचलले.

"मामा, थांबा."

दारात मातिल्दे चायाश उभी होती. ती त्यांच्याच गावची, नात्याने भाची. शंख-शिंपल्यांचा अभ्यास हेच तिचे काम.

"इथे मामा नाही, साहेब म्हणायचं. आणि थांबायला वेळ नाही, संग्रहालयाची गाडी दारात उभी आहे."

"तिच्या भोकात काहीतरी आहे."

"माती आहे. म्हणून तर धुतोय."

"मातीला गाठ नसते."

काउइच यांनी कुरकुरत मला भिंगाखाली धरले. "पोत्याचा धागा असेल. खोदणारी माणसं कशालाही काहीही बांधतात."

"निळा? आणि लाल पूड आतपर्यंत मुरलेला?"

"हे बघ मातिल्दे, 'राणीची माळ' असा फलक रंगवून झालाय. उद्या सगळा गाव माळ बघायला येणार. एका धाग्यापायी मला तोंडघशी पाडतेस?"

"मी कशाला पाडू? तुम्हीच केव्हाचे तसराळ्यावर वाकलाय."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चिमट्यात धरलेली मी पुन्हा त्या आम्लाच्या पाण्यावर आले. चिमट्याच्या टोकाचा ओला थेंब माझ्या अंगावर ओघळला आणि फेसाळत भोकाकडे सरकू लागला. मातिल्देने पुढे होऊन तो कापसाने टिपला. चिमटा मात्र तिने धरला नाही.

"धाग्याचं सोडा. तिची खालची कड बघा, मग हवी तर बुडवा. माळ छातीवर पडून राहते. मग टवके नेमके इथेच कसे?"

त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. भोंगा वाजत राहिला.

"आपल्या गावच्या हरणाच्या नाचात माझ्या खांद्यावर आरशांचे तुकडे लावलेलं वस्त्र असायचं," ते सावकाश म्हणाले. "गिरकी घेतली की आरसे एकमेकांवर आपटायचे. इथेच फुटायचे ते. खाली, कडेला." त्यांनी मला मऊ कापडावर ठेवले. "ही माळ नाही गं. हे अंगावरचं वस्त्र आहे. नाचाचं."

आणि मग त्यांची नजर तसराळ्याकडे गेली.

आम्लाची पर्वा न करता त्यांनी उघड्या हातांनी माझ्या बहिणींना बाहेर काढले. मातिल्देने घाईने त्या हातांवर स्वच्छ पाणी ओतले. बहिणी लालभडक झाल्या होत्या. काउइच यांनी एकेकीचे भोक भिंगाखाली तपासले. प्रत्येक भोक लख्ख होते, रिकामे.

"यांच्यातही असेल धागा?" त्यांनी विचारले.

"आता कोण सांगणार, मामा?"

या वेळी त्यांनी तिला अडवले नाही. "जा, गाडी रिकामी परत पाठव. फलकाचं मी बघतो."

मित्रांनो, माझ्या बहिणी आज माझ्याहून कितीतरी देखण्या दिसतात. परंतु आम्ही कोणत्या वस्त्रावर होतो आणि कुणाच्या हातांनी आम्हाला टाचले, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही उरलेले नाही. तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली, तर ती घासण्याआधी नीट निरखा, आणि जाणत्याला दाखवा. ज्याला तुम्ही मळ म्हणता, तो कुणाच्या तरी हातची अखेरची खूण असू शकतो. ही विनवणी समजू नका. मी वयाने थोर आहे; तुम्हाला बजावण्याचा मला अधिकार आहे.